पिंजरा क्रमांक सहा, ‘येतो’ या शब्दाबाबत

आधी आत गेलो, पाठीमागे दार ओढून घेतले आणि मगच वायरमनला उचलले. वायरमनचे म्हणणे की आधी त्याला उचलायला हवे होते. पण दार उघडे राहिले असते तर अस्वल बागेत गेले असते, आणि बागेत त्या वेळी माळी, रंगारी आणि उद्घाटनाचे व्यासपीठ उभारणारे मिळून तीसेक माणसे होती. मी एवढे सांगितल्यावर हवालदार म्हणाले, "थांबा. आधी नाव, वय, धंदा. मग अस्वल." त्यावरून क्रमाने सांगतो.

नाव हजेरीपटावर आहे तेच. बागेत सगळे मला पिंजरेवाले म्हणतात. वय छप्पन्न. धंदा नोकरी, शहर प्राणिसंग्रहालय, प्राणिरक्षक. गेले एकोणतीस दिवस रोपवाटिकेत. राहणार प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या भिंतीला लागून कर्मचारी वसाहत, तळमजला, खोली चार. घरी पत्नी.

समक्ष हजर राहून सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आलो आहे. संध्याकाळी सात वाजता ठाण्यात आलो, तेव्हा अस्वलाचे काम बघणाऱ्या संशोधक बाई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. त्यांचा जबाब झालेला होता व त्या त्याच्या सही केलेल्या नकलेसाठी थांबल्या होत्या. हवालदारांनी मला सांगितले की, अस्वलाच्या बोगद्याच्या झडपेची खिटी लावायची आपण विसरलो असे बाईंनी लिहून दिले आहे. तेव्हा तुमच्या जबाबाची तशी गरज नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिले आहे, घरी जा, असेही ते म्हणाले. बाईंचे म्हणणे मला मान्य नाही. खिटी त्यांनी लावली होती. त्या कधीच विसरत नाहीत. ती मी काढली.

हवालदार दार लोटून घेत होते. मी म्हणालो, उघडेच राहू द्या.

अस्वलाविषयी विचारले असता सांगतो की, ती मादी आहे. एकवीस वर्षांपूर्वी आली तेव्हा तीन महिन्यांची होती. पाठ वाकवून, पाय ओढत आणि सारखी कुरकुरत चालायची, म्हणून मी तिला म्हातारी म्हणायला लागलो. नाव तेच राहिले आणि आता वयाने ती नावापर्यंत पोहोचली. नव्या पद्धतीत प्राण्यांना नावे नाहीत. कागदावर ती मादी क्रमांक दोन आहे. क्रमांक एक कोण, असे मी विचारले होते. क्रमांक एक दुसऱ्या शहरात आहे.

पिंजरा क्रमांक सहा बारा पावले लांब आणि आठ पावले रुंद आहे. खाली सिमेंट, पुढे गज, मागे झोपायची खोली. रोज संध्याकाळी पाच वाजता मी मागच्या खोलीत खाणे ठेवायचो, खिटी काढून झडप वर घ्यायचो आणि निघताना तिला ‘येतो’ म्हणायचो. घरातून निघताना माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, तसेच. त्यात शिकवण्याचा हेतू नव्हता. वर्षभराने माझ्या लक्षात आले की ती खाण्याकडे बघत नाही, झडपेकडेही बघत नाही. मी ‘येतो’ म्हणालो की उठते आणि आत जाते. म्हणजे तिच्या लेखी ‘येतो’ म्हणजे चला, आत. तसेच सकाळी सात वाजता मी ‘आलो’ म्हणालो की उठून, अंग झाडून माझ्या बाजूने चालत बाहेर यायची. हे दोनच शब्द. ती ते आपणहून शिकली. माझ्या रजेच्या दिवसांत दुसऱ्या प्राणिरक्षकाला तिला आत घ्यायला तास-तास लागायचा. मी त्याला शब्द सांगितला नाही. त्याने विचारलाही नाही.

प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाविषयी विचारले असता सांगतो की, काम दोन वर्षे चालले होते. गजांच्या सगळ्या रांगा पाडल्या. आता जमीन मातीची आहे, झाडे आहेत, वाहते पाणी आहे, आणि लोक काचेआडून बघतात. अस्वलाच्या आवारात सिमेंटचे वारूळ केले आहे. त्याच्या भोकांत मध आणि अळ्या भरून ठेवतात, म्हणजे तिला ते उकरून, ओढून खावे लागते. मी एकवीस वर्षे तिला ताटात दिले. ते चूक होते असे मला सांगण्यात आले. समजावून सांगितले, रागावून नाही.

फक्त पिंजरा क्रमांक सहा पाडलेला नाही. तो नमुना म्हणून ठेवला आहे. ‘पूर्वी प्राणी असे ठेवले जात’ अशी पाटी आहे. लोकांनी आत जाऊन गजांमागे उभे राहून फोटो काढायचे आहेत. पाटीवर पिंजऱ्याची लांबी-रुंदी दिली आहे. तिथे काम कोणी केले हे दिलेले नाही.

संशोधक बाईंविषयी विचारले असता सांगतो की, माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. त्या वयाने तीस-बत्तीस असतील. मला काका म्हणतात. गळ्यात शिट्टी आणि हातात टोकाला लाल चेंडू लावलेली काठी. अस्वलाने चेंडूला नाक लावले की शिट्टी, शिट्टी झाली की मध. पहिल्या दिवशी त्यांनी वही काढून मला विचारले, "काका, हिला शब्द किती कळतात?" मी म्हणालो, एकही नाही. ते खोटे होते.

अकरा दिवसांत म्हातारी शिट्टीवर यायला लागली. माझ्या हातातून तिने पहिल्यांदा खाल्ले त्याला दोन वर्षे लागली होती. अकराव्या दिवशी ती शिट्टीमागे जाळीच्या बोगद्यातून चाळीस पावले चालत नव्या आवारात गेली. मातीवर पाय ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग बाईंच्या काठीला नाक लावले. अधीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतले. पुढच्या महिन्यात जंगलातून दोन पोरकी पिल्ले यायची आहेत. म्हातारीला बघून ती उकरायला, चढायला शिकतील आणि दोन वर्षांनी परत जंगलात जातील. पिल्ले तिच्यासारखी माणसाच्या हाकेला यायला शिकली, तर जंगलात पहिला माणूस दिसेल त्याच्याकडे जातील आणि तो काठी घालील. म्हणून तिच्या कानावर आता माणसाचा आवाज पडता कामा नये. शिट्टी चालते, कारण जंगलात शिट्टी कोणी वाजवत नाही. हे सगळे बरोबर आहे. मला पटले. मग त्या म्हणाल्या, "काका, तिला तुमचा विसर पडायला हवा. तीस दिवस तुम्ही तिकडे फिरकू नका."

मी बरं म्हणालो. मला रोपवाटिकेत घेतले. तिथून आवार दिसत नाही, मध्ये भिंत आहे. शिट्टी ऐकू येते. दिवसाला चौदा, कधी सोळा. एका दिवशी नऊच झाल्या, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत सफाईवालीला विचारले की तिकडे सगळे ठीक आहे ना. ती म्हणाली, आता एका शिट्टीतच काम होते, म्हणून कमी.

घरच्या परिस्थितीविषयी विचारले असता सांगतो की, घरी वाद नाही. माझी पत्नी म्हातारीला पहिल्यापासून सवत म्हणते. कारण सणावाराला, आजारपणात, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरूनही मी पाच वाजता उठून गेलो आहे. रोपवाटिकेत गेल्यापासून मी साडेपाचला घरी असतो. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "काय, सवतीने दुसरं घर केलं वाटतं." मी भिंतीपलीकडच्या शिट्टीसाठी जेवता जेवता हात थांबवतो, हे तिने तिसऱ्या आठवड्यात पाहिले. तेव्हा ती हसली नाही. माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, "आता कळलं, वीस वर्षं माझं काय होत होतं ते." हे प्रकरणाशी संबंधित नाही असे हवालदार म्हणाले. तरी लिहावे.

आजच्या घटनेविषयी सांगतो की, उद्या सकाळी दहा वाजता नव्या विभागाचे उद्घाटन आहे. त्यानंतर जाळीचा बोगदा काढून टाकायचा आहे. आज माझा एकोणतिसावा दिवस. दुपारी पावणेपाच वाजता मी रोपवाटिकेतून बारा कुंड्या व्यासपीठाकडे पोहोचवल्या. परतताना सरळ वाटेने न जाता बोगद्याच्या बाजूने गेलो. त्या बाजूला जायला मला मनाई होती. ते मला माहीत होते.

बोगद्याच्या नव्या टोकाला रात्रीच्या निवाऱ्याची झडप आहे. ती जुन्याच पिंजऱ्याची काढून तिथे बसवली आहे. खिटीही तीच. मी झडपेपाशी उभा राहिलो. तिथून निवाऱ्याच्या उघड्या दारातून आवाराचा काही भाग दिसतो. म्हातारी वारुळाशी होती. बाई काचेच्या बाजूला काठी घेऊन उभ्या होत्या. मी तिला एकोणतीस दिवसांनी पाहत होतो. तिचे लक्ष नव्हते.

खिटी का काढली, असे विचारले. पाच वाजले होते. पाच वाजता माझा हात खिटीकडे जातो. गंजली आहे का ते बघायला काढली, असे मी अधीक्षकांना सांगितले होते. ते खरे नाही. ती गंजलेली नव्हती, बाईंनी तिला तेल दिले होते.

मग मी ‘येतो’ म्हणालो. उंबऱ्यावरून घरात म्हणतो तेवढ्याच आवाजात. तिथून ती साठ पावलांवर असेल. एकूण दोनदा म्हणालो. पहिल्या वेळचा निरोप होता. दुसऱ्या वेळी म्हणालो तेव्हा ती बाईंच्या काठीकडे निघाली होती.

ती थांबली. काठीच्या टोकापासून हातभर अंतरावर होती, आणि बाईंच्या दुसऱ्या हातात मध होता. बाईंनी शिट्टी वाजवली. ती वळली आणि निवाऱ्याकडे आली. धावली नाही, ती धावत नाही. झडपेखाली नखे घालून तिने झडप स्वतः वर घेतली. मी हात लावला नाही. लावायची गरज पडली नाही, असे लिहावे.

रात्रीचा निवारा तिथेच असताना ती पुढे बोगद्यात का शिरली, असे विचारले. तिच्या लेखी आत म्हणजे सहा नंबर.

बोगद्याच्या जुन्या टोकाचे दार उघडे आहे हे मला माहीत नव्हते. वायरमनने दिव्याची वायर ओढण्यासाठी ते उघडे टाकले होते. माहीत असते तर काय केले असते, असे विचारले. सांगता येत नाही.

ती बोगद्यातून चालली आणि मी बाहेरून तिच्या बरोबरीने चाललो. मध्ये जाळी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत नेहमीसारखी कुरकुरत होती. मीही थोडे बोललो. काय बोललो ते विचारले असता, रोपवाटिकेविषयी. चाळीस पावलांना चार मिनिटे लागली असे बाईंच्या जबाबात आहे. मी सावकाश चाललो. या वेळात मी कोणाला ओरडून सावध केले नाही. करायला हवे होते.

पिंजरा क्रमांक सहामध्ये वायरमन शिडीवर होता. म्हातारी मागच्या खोलीतून आत आली आणि शिडीखालून गेली. तिने त्याला काही केलेले नाही. वायरमनचेही तेच म्हणणे आहे की पडलो तो माझा मीच, अस्वल बिचारे अंग चोरून गेले. त्याचे उजवे मनगट मोडले. मी पुढच्या दाराने आत जाऊन दार ओढून घेतले, त्याला उभे केले आणि बाहेर काढून दार पुन्हा लावले. तो मला म्हणाला की उद्घाटन उद्या आहे ना, मग पाहुणी आजच कशी. त्याला पाणी दिले. त्याच्याबद्दल मला वाईट वाटते. त्याला भेटायला दवाखान्यात मी उद्या जाणार आहे.

म्हातारी उजव्या कोपऱ्यात जाऊन पडली. तिथे सिमेंट तिच्या अंगाने झिजून खोलगट झाले आहे. मी गजांपाशी बसलो. तिच्या नखांत लाल माती होती. गजांवर घासून घासून तिच्या कपाळावर टक्कल पडले होते, हाताच्या तळव्याएवढे. एकवीस वर्षांत मी तिथे तेल लावले, मलम लावले, गजांना गोणपाट बांधले. आज तिथे केस होते. आखूड, काळे. पशुवैद्य विचारतील तर हे माझे निरीक्षण म्हणून लिहावे.

पाच-सात मिनिटांत बाई, अधीक्षक आणि पशुवैद्य आले. बाईंनी शिट्टी वाजवली. म्हातारीने डोके वर केले आणि खाली ठेवले. बाईंनी मध दाखवला. पशुवैद्य म्हणाले, या वयात भुलीचे इंजेक्शन देणार नाही, ती झोपेल पण उठेल याची खात्री नाही. अधीक्षक म्हणाले, सकाळी दहाला काचेमागे काय दाखवू, वारूळ? बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, काय म्हणता तुम्ही हिला?"

मी शब्द सांगितला नाही.

सफाईवाली तिथे उभी होती. ती म्हणाली, सकाळी ते तिला आल्याचं सांगायचे, एवढं मी लांबून ऐकलंय. त्यावर बाई गजांजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आले." मग पुन्हा, "मी आले." म्हातारीचा कानही हलला नाही. बाईमाणूस ‘आले’च म्हणणार. त्यात त्यांची चूक नाही. मी हसलो नाही. कोणी तसे सांगितले असल्यास ते चूक आहे.

त्यानंतर सगळ्यांनी ठरवले की रात्रभर तिला तिथेच ठेवावे. मला घरी जायला सांगितले. मी घरी गेलो. तिथे अधीक्षकांचा निरोप आला की बाईंनी सगळे स्वतःवर घेतले आहे, तुम्ही निर्धास्त राहा. मला निर्धास्त वाटले नाही. माझी पत्नी म्हणाली, "पोरगी चांगली आहे, तुम्हाला वाचवतेय." मी म्हणालो, खिटी विसरली म्हणून अस्वल गेलं, असं कागदावर राहील. ती म्हणाली, मग राहू दे की. मी चपला घातल्या.

परिणामांची कल्पना आहे का, असे विचारले असता सांगतो की, आहे. खातेनिहाय चौकशी होईल. कदाचित घर सोडावे लागेल. तरी खरे ते हेच की, खिटी उघडी असली म्हणून जनावर कुठे जात नाही. ती मधासमोरून उठून आली ती माझ्या शब्दावर आली. शिट्टी चालू असताना आली. एकोणतीस दिवसांनंतर आली. हे कागदावर हवे आहे.

ती तिथून कशी उठेल, असे विचारले असता सांगतो की, ‘आलो’ म्हटले की उठेल. ‘आले’ नाही, ‘ये’ नाही. ‘आलो’. सकाळी मला बोलावतील अशी माझी समजूत आहे. न बोलावले तरी सात वाजता मी जाणार आहे.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यांचा आवाज मोठा आहे. दार उघडे होते. तिसऱ्या पानावर त्यांनी ‘येतो’च्या जागी ‘जातो’ असे लिहिले होते. मी थांबवले. ते म्हणाले, "राहू द्या. जातो म्हणालात तर निरोप होतो, येतो म्हणालात तर गुन्हा होतो. मी मुद्दाम लिहिलंय." मी दुरुस्त करायला सांगितले. त्यांनी शब्द खोडून वर ‘येतो’ लिहिले व ते पान पुन्हा वाचले. खोडलेल्या जागी माझी वेगळी सही आहे. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे, त्यात भर किंवा घट नाही. बाहेर पडताना व्हरांड्यातले बाईंचे बाक रिकामे होते.

सही

नोंद, तपासी हवालदार: दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्यासाठी सहा चाळीसला पिंजरा क्रमांक सहा येथे पोहोचलो. संशोधक बाई आधीपासून हजर होत्या. शिट्टी गळ्यात नव्हती. त्या बोगद्याच्या तोंडाशी, जाळीबाहेर उभ्या राहून एकदा ‘आलो’ असे म्हणाल्या. मी चार हातांवर होतो, ऐकण्यात चूक नाही. अस्वल उठले, अंग झाडले व त्यांच्या बाजूने चालत नव्या आवारात गेले. झडप पाडून खिटी लावली. वेळ सहा बावन्न. जबाब देणारे बरोबर सात वाजता आले. इस्त्रीचा गणवेश घातला होता. त्यांनी रिकामा कोपरा पाहिला व तिला कोणी उठवले असे विचारले. मी सांगितले. कोणत्या शब्दाने, असे विचारले. तेही सांगितले. पंच म्हणून सही करण्यास ते पात्र नसल्याने त्यांना घरी जाण्यास सांगितले. निघताना ते ‘जातो’ म्हणाले.